डाव्या दाराचा भाव

कोथरूड, पुणे
१० जानेवारी २०२५

चि. प्रियदर्शनी, जयभीम.

तुझं रेटकार्ड मिळालं. कुरिअरवाल्याने वाकवून आणलं होतं, सरळ करून भिंतीला लावलं. आता गिऱ्हाईक येतं, आधी कार्ड बघतं, मग मला बघतं, मग परत कार्ड बघतं. पूर्वी नुसतं मला बघायचं आणि पैसे काढायचं.

फोन करत जाऊ नकोस, मी उचलणार नाही. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं. माझ्या हाताखालच्या इंद्रजीतच्या मोबाईलवर निरोपही नकोत. तो वाचून दाखवताना पदरचं घालतो. दुकानात होतीस तेव्हा समोरासमोर बोलत होतीस. आता नवऱ्याच्या बदलीमागे नागपूरला गेलीस, तर पत्र लिही. सातवी पास आहे मी. वाचता येतं.

कार्डाचं बोलतो. पॉलिशला छोट्या गाडीचे चार हजार, मधल्या गाडीचे साडेपाच, मोठ्या धुडाचे साडेसात. मी काय कापड विकतोय, मापावर भाव लावायला? भाव रंगाचा असतो. गाडी धुवायची, हातात प्लॅस्टिकची पिशवी घालायची आणि पत्र्यावरून हात फिरवायचा. उघड्या हाताला कळत नाही ती खरखर पिशवीतून कळते. जेवढी खरखर तेवढं काम, जेवढं काम तेवढा भाव. कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये हेच केलं, इथं दुकान टाकल्यावर हेच केलं. आणि पाटीवर 'डिटेलिंग स्टुडिओ' लिहून गेलीस, त्यामुळे काल एक जण पासपोर्टचे फोटो काढायला आला होता. माझ्यापेक्षा म्हातारा. मी म्हटलं, धुऊन पुसून देतो, फोटो नाही.

तरी कार्ड पाळतोय. आज शर्मिलाबाई म्हणून एक आल्या, इथल्याच सोसायटीतल्या. काळी सेडान, मालक वारलेत, गाडी त्यांचीच. मागच्या डाव्या दारावर कुणीतरी चावी ओढली होती. तेवढ्याच दाराचं काम. तुझ्या कार्डात 'एक पॅनेल नऊशे' आहे, म्हटलं नऊशे. काढून दिले! कोथरूडात घासाघीस न करता कुणी पैसे दिले की मलाच चुकल्यासारखं होतं. मला वाटतं बाई जरा डोक्याने हललेल्या आहेत. काम झाल्यावर दारासमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मग गाडीत बसल्या आणि जोरात हॉर्न दिला. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही.

मी बरा आहे. तुझी मामी गेल्यापासून डबा स्वतः करतो. दोन वेळा भात करपला, तिसऱ्यांदा नाही करपला. काळजीचं कारण नाही.

रामदास मामा

---

नागपूर
१९ जानेवारी

ती. मामा, जयभीम.

पत्र वाचून खूप हसले. पासपोर्टवाल्यांना पाठवून द्यायचं नव्हतं, छाप पडेल असं पुसून द्यायचं होतं.

तुमच्या हाताची किंमत मला माहीत आहे, मामा. पण तो हात तुमच्याकडेच आहे, गिऱ्हाइकाकडे नाही. त्याला भिंतीवर काहीतरी दिसलं की तो भांडत नाही. मापाचा भाव ही सुरुवात. त्याच्यावर खरखर बघून वाढवा, काळा रंग असेल तर वाढवा.

एक गोष्ट मात्र पक्की पाळा. तेच पॅनेल पुन्हा पॉलिशला आलं तर आधी रंगाच्या जाडीचा मीटर लावा. पॉलिश म्हणजे डाग काढणं नाही, डागाभोवतीचा रंग खाली आणणं, हे तुम्हीच मला शिकवलंत. दर वेळी थोडा रंग कमी होतो, काम जोखमीचं होतं, म्हणून दुसऱ्यांदा भाव वाढवायचा. मीटर ऐंशी मायक्रॉनच्या खाली गेला की हात जोडायचे. तिथून पुढे आतलं अस्तर वर येतं आणि मग दारच रंगवून द्यावं लागतं.

आई गेल्यावर तुम्ही आणि मामीनेच मला वाढवलं. आता तुम्ही तिथं एकटे भात करपवताय, ते मला बघवत नाही. इथं एक खोली रिकामी आहे. मार्चमध्ये या. दुकान इंद्रजीत बघेल.

तुमची
प्रियदर्शनी

---

पुणे
३ फेब्रुवारी

चि. प्रियदर्शनी, जयभीम.

खोलीचं बघू. इंद्रजीतच्या हातात मशीन दिलं की तो ते रांगोळी काढल्यासारखं फिरवतो. चाळिशी आली, तरी कडेला नेताना चुकतो.

त्या शर्मिलाबाई परत आल्या. पुन्हा तेच दार. मी म्हटलं, बाई, ओरखडा गेलाय, आता काय काढू? म्हणाल्या, "अहो, चमक कमी पडतेय. अजून आणा." मीटर लावला, एकशे बाराच्या आसपास होता. केलं काम. आठ दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा केलं.

काम मात्र असं उतरलंय, प्रियदर्शनी, की तू बघायला पाहिजे होतीस. दारात अख्खा रस्ता दिसतो. समोरचं कडुनिंब पानापानासकट. खालची पानं वाऱ्यावर उलटतात तेव्हा त्यांची पांढरट बाजूसुद्धा दिसते. आजकालच्या पोरांनी अशी चमक आणून दाखवावी.

दोन्ही वेळा पाचशे घेतले. जास्त घ्यावेसे वाटले नाहीत.

इंद्रजीत जेवणाच्या सुटीत मोबाईल बघत बसतो. गाडी असली की मी दार बघतो. ज्याचा त्याचा शौक.

रामदास मामा

---

नागपूर
११ फेब्रुवारी

ती. मामा, जयभीम.

आधी भांडते. एक पॅनेल नऊशे. दुसऱ्या वेळी चौदाशे व्हायला हवे होते, तुम्ही पाचशे घेतलेत. चाळीस वर्षांत तुम्ही कुणाला चहाचे पैसे सोडले नाहीत. माझ्या लग्नात मांडववाल्याकडून दोन खांबांचे पैसे कापून घेतलेत. आणि ह्या बाईंना भाव उतरवून देताय? मामा, खरं सांगा. शर्मिलाबाई दिसायला बऱ्या आहेत का? मला राग येणार नाही. मामीलाही आला नसता, तिने फक्त तुमचा डबा बंद केला असता.

आता दुसरं. कडुनिंबाचं काय लिहिलंत? ते झाड गेल्या पावसाळ्यात रस्तारुंदीत तोडलं. मी होते तेव्हा. तुम्ही बुंध्यापाशी उभं राहून करवतवाल्याला शिव्या दिल्या होत्या आणि मामी तुम्हाला हाताला धरून आत घेऊन आली होती. आता तिथं होर्डिंग आहे. विसरलात का? डॉक्टरांकडे जाऊन या. कानांबरोबर डोळेही तपासून घ्या.

प्रियदर्शनी

---

पुणे
१ मार्च

प्रियदर्शनी,

बाई दिसायला कशा आहेत ते मला माहीत नाही. चष्मा आहे एवढं माहीत आहे. असलं पुन्हा लिहू नकोस.

झाड तोडलंय ते मला माहीत आहे. मान वर करून बघितलं की होर्डिंग दिसतं, शिकवणीची जाहिरात, दात काढलेली पोरं. दारात बघितलं की झाड दिसतं. दुसऱ्या कुठल्या गाडीत दिसत नाही, ह्याच दारात दिसतं. डोळे तपासले. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम. तीनशे रुपये गेले.

आता जे लिहितो ते नवऱ्याला वाचून दाखवू नकोस.

झाडाखाली तुझी मामी उभी आहे.

भूतबित म्हणायचं नाही. आपल्यात ते नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस आहे मी. वस्तीत कुणाच्या अंगात आलं की बादलीभर पाणी मीच ओतायचो. म्हणून मी त्याला नाव देत नाही. दिसतं ते लिहितो.

तुला आठवत असेल, ती दुपारचा डबा घेऊन यायची आणि समोर झाडाखाली थांबायची. रस्ता वाहता. हाक मारून उपयोग नव्हता, मला ऐकू येत नव्हतं. मी कामातून मान वर काढायचो, रस्ता मोकळा आहे का बघायचो आणि हातातलं फडकं वर करायचो. मग ती रस्ता ओलांडायची. गाडी येत असली की पंजा दाखवायचो, थांब म्हणून. ते फडकं वर गेल्याशिवाय तिने कधी पाऊल टाकलं नाही.

आता तशीच उभी आहे. हिरव्या काठाची साडी, कमरेवर डबा. पाठमोरी आहे. पण पाठ ओळखायला मला चष्मा लागत नाही. पहिल्यांदा झाडाच्या पलीकडच्या अंगाला होती. काल पुन्हा पॉलिश केलं, आता रस्त्याच्या कडेला आलीय. जेवढी चमक चढते तेवढी जवळ.

फडकं अजून वर केलेलं नाही. धीर होत नाही, आणि करायचं नाही असंही ठरत नाही.

काल दोनशे घेतले. बाई म्हणाल्या, कमी का? मी म्हटलं, कार्डात तसं आहे. बघायला मिळतंय म्हणून खरं तर पैसे मीच द्यायला पाहिजेत.

मीटर शहाण्णव.

रामदास

---

नागपूर
८ मार्च

मामा,

मी तुमच्यावर हसणार नाही. तुम्ही खोटं लिहीत नाही हे मला माहीत आहे.

तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली. इंद्रजीतला फोन केला. त्याला झाड दिसत नाही. तो म्हणतो दारात होर्डिंग आणि लावलेल्या स्कूटर दिसतात. मी त्याला त्या दाराचा फोटो काढून पाठवायला सांगितलं. परवा गाडी आली होती तेव्हा त्याने काढला.

फोटोत होर्डिंगच आहे. दारात इंद्रजीत दिसतो, मोबाईल धरलेला. मी त्याला विचारलं, मामा कुठे होते? तो म्हणाला, "माझ्या शेजारीच, खांद्याला खांदा लावून, हातात फडकं." मामा, फोटोत त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. मागचं शटर पूर्ण दिसतं, मध्ये कुणी नाही.

मी तो फोटो खूप वेळा मोठा करून बघितला. नवऱ्यालाही दाखवला, काही न सांगता. त्यालाही एकच माणूस दिसला.

म्हणून विचारते, उत्तर द्या. त्या दारात तुम्हाला तुम्ही दिसता का?

आणि मामी पाठमोरी का? ती तुमच्याकडे तोंड करून उभी राहायची. तुमच्या फडक्यावरच तिचा डोळा असायचा. पाठ करून उभी राहिली तर फडकं वर गेलेलं तिला दिसणार कसं? मामा, जी तुमच्याकडे बघत नाही ती कुणाची वाट बघतेय?

फडकं वर करू नका. मला तुम्ही हवे आहात. तुमचं १८ एप्रिलचं तिकीट काढलंय, सोबत जोडलंय. तोपर्यंत त्या गाडीला हात लावू नका. भाव इतका सांगा की बाईच येणार नाहीत. पाच हजार सांगा एका दाराचे.

प्रिया

---

पुणे
२३ मार्च

चि. प्रिया, जयभीम.

तिकीट मिळालं. कार्डाशेजारी खोचून ठेवलंय.

पाच हजार सांगितले. बाई म्हणाल्या, "देते. पण पूर्ण चमक पाहिजे, आत्तापर्यंत झाली त्याहून जास्त." मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं, बाई, तुम्हाला ह्या दारात पाहिजे तरी काय? घरी आरसा नाही का?

इंद्रजीत चहा आणायला गेला होता. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. बाईंनी चष्मा काढला आणि पुसत पुसत विचारलं, "दारात तुमचं कोण उभं असतं?"

मी मशीनची वायर गुंडाळायला लागलो.

"माझे हे उभे होते," म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. मी त्यांना ऑफिसातून घ्यायला गेले की हॉर्न द्यायची आणि ते यायचे. सवयीने हॉर्न दिला. आले."

मी विचारलं, आले म्हणजे कुठे आले?

"घरी. दोन महिने झाले. सोफ्यावर बसतात. बोलत नाहीत. ताट वाढलं तर तसंच राहतं. आणि अहो, समोर जाऊन उभी राहिले तरी पाठच दिसते. ह्या बाजूने गेले तरी पाठ, त्या बाजूने गेले तरी पाठ. तोंड नाहीच."

मला म्हणता आलं असतं, बाई, चांगल्या डॉक्टरला दाखवा. तूही मला तेच म्हणाली होतीस. पण म्हणालो नाही.

त्या म्हणाल्या, "परत पाठवायचंय हो मला. दार चकचकीत झालं की ते आतून काचेकडे सरकतात, उतरायला बघतात. पण चमक पुरत नाही. एकदा पूर्ण आणा. आत्ताही मागे बसलेत." मी मागच्या सीटकडे बघितलं. कुणी नव्हतं. पण सीटची गादी दबलेली होती, माणूस बसल्यावर दबते तशी.

मीटर लावला. चौऱ्याऐंशी. म्हणजे त्या दारात एक पॉलिश शिल्लक आहे. फार तर एक.

आता तुझ्या कार्डात ह्याचा भाव सांग. एकच पॉलिश, आणि दोन गिऱ्हाइकं. बाईला तिचा माणूस पलीकडे सोडायचाय. आणि माझं माणूस आता रस्त्याच्या मधोमध आलंय, फडक्याचीच वाट आहे. चांगली चमक आली तर मला तिचं तोंड दिसेल असं वाटत होतं. बाईचं ऐकल्यावर तसं वाटत नाही. तरी वाटतं.

बाईला म्हटलं, एप्रिलमध्ये या, विचार करून सांगतो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर. नाही. मी दिसत नाही. शटर दिसतं, मशीन दिसतं, मशीनची वायर हवेत लटकलेली दिसते. माझा उभं राहण्याचा कोन चुकत असेल असं वाटलं होतं. सगळ्या बाजूंनी उभा राहून बघितलं.

रामदास मामा

---

नागपूर
२९ मार्च
(स्पीड पोस्टने)

मामा,

बाईंचं काम करा. मला वाटलं होतं मी नको म्हणेन, पण करा. त्यांच्या घरात जे बसलंय ते तुमच्या घरात येऊ नये म्हणून करा. एकदा ते दार संपलं की रस्ताच बंद होईल.

भाव काहीही घ्या, पण तुमचे पाचशे आणि दोनशे नकोत. त्या सवलतीनेच मला कळलं होतं की तुम्ही तिकडे ओढले जाताय. पूर्ण पैसे घ्या. गिऱ्हाइकाची गाडी समजून काम करा, दुसरं काही समजू नका.

पंजा दाखवून ठेवा. थांब म्हणून. तुम्ही थांब म्हटल्यावर मामी कधी पुढे आली नाही.

आणि फडकं हातात ठेवू नका. पुसायचं काम इंद्रजीतला द्या.

१८ ला स्टेशनवर मी स्वतः येतेय.

प्रिया

---

पुणे
१६ एप्रिल २०२५

चि. प्रियदर्शनी, जयभीम.

काम झालं. सविस्तर लिहितो, म्हणजे तुला फोन करावा लागणार नाही.

गेल्या आठवड्यात बाई आल्या. दुपारीच. पैसे आधी घेतले, पूर्ण पाच हजार. गिऱ्हाइकाची गाडी समजून मशीन धरलं. मऊ पॅड, कमी दाब, घाई नाही. कडुनिंब आलं. मग रस्ता आला. मग तुझी मामी आली, दारात अर्धं दार भरून, केसातली कंगव्याची रेघ दिसावी इतकी जवळ. पाठ करूनच. मी डावा पंजा दाखवून धरला. उजव्या हाताने मशीन. ती थांबली. तुझं म्हणणं खरं निघालं.

शेवटचं पुसायला फडकं इंद्रजीतला दिलं. त्याने कडेला पॉलिशचं कंपाउंड तसंच ठेवलं, पांढरी रेघ. मी म्हटलं होतं ना, कडेला चुकतो. तेवढ्याने चमक अडत होती. बाई आतून म्हणाल्या, "अहो, सरकतायत, पण थांबलेत." मग मी फडकं त्याच्याकडून घेतलं आणि ती रेघ पुसली. पंजा खाली आणला नाही.

तेव्हा गाडीची मागची बाजू इंचभर वर आली. कुणी जाड माणूस उतरला की स्प्रिंग मोकळी होते तशी. इंद्रजीतने पण बघितलं. तो म्हणाला, जॅक कुणी लावला? दारात एक माणूस झाडाकडे चालत गेला, पांढरा शर्ट. तोंड पलीकडे. बाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडल्या. मी म्हणालो, झालं बाई, उतरले.

आणि मी फडकं झटकलं.

तू हजारदा बघितलंयस. काम संपलं की फडकं डोक्यावर नेऊन एकदा फटकन झटकायचं, भुकटी उडवायची, मग खांद्यावर टाकायचं. कारखान्यापासूनची सवय. कुणाला बोलवायला नव्हतं ते. हाताने केलं, मी नाही केलं.

दारात बघितलं. झाड होतं. झाडाखाली कुणी नव्हतं. रस्त्यात कुणी नव्हतं.

मी मशीन परत चालू केलं. जोर लावला. इंद्रजीत ओरडत होता म्हणे, मला ऐकू आलं नाही. चमक आणली तर परत पाठवता येईल एवढंच डोक्यात होतं. रंग जळाला. खालचं राखाडी अस्तर वर आलं, ताटाएवढं. आता त्या दारात झाड नाही, होर्डिंग नाही, काहीच नाही.

बाईंचे पाच हजार परत केले. दार माझ्या खर्चाने रंगवून देतोय. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो." मी म्हटलं, पाटी माझी आहे. जाताना त्यांनी माझ्या मागे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि काच वर केली. हॉर्न न देता गेल्या.

परवा जयंतीला गेलो नाही. घरी कुणी असलं की लवकर निघता येत नाही. मंडईतून मेथी आणली, तिला आवडते. दोन ताटं वाढतो. एक धुवावं लागत नाही.

रेटकार्डात एक ओळ घाल. ऐंशीच्या वर मीटर असला तरी आठ महिन्यांत तेच पॅनेल पुन्हा करायचं नाही, कितीही पैसे दिले तरी. मोठ्या अक्षरात घाल. मापाचा भाव राहू दे, बरोबर आहे तो. लोक भांडत नाहीत.

तिकीट पाकिटात परत पाठवतोय. स्टेशनवर येऊ नकोस. इकडेही येऊ नकोस, निदान मी लिहीपर्यंत. आम्ही दोघं बरे आहोत.

एक राहिलं. काल दुपारी ती खिडकीशी बसली होती, पाठ करून. हाक मारली. समोर जाऊन बघितलं, तरी पाठच. मग दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची पिशवी हातात घातली आणि पाठीवरून हात फिरवला. साडीची सुतं लागायला पाहिजेत, ब्लाउजची शिवण लागायला पाहिजे, काहीतरी खरखर लागायला पाहिजे. काही लागलं नाही. सबंध पाठ गार आणि गुळगुळीत. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

तू विचारलं होतंस, मी मला दिसतो का. त्या दारात नव्हतो दिसत.

इथं दिसतो. तिच्या पाठीत. झाडाखाली उभा आहे, आणि माझीही पाठच आहे.

तू इकडे आलीस आणि मी तसा कुठे दिसलो, तरी हात वर करू नकोस.

जयभीम.

रामदास मामा